छावणीच्या गावातील दगडी भिंती

हिंगोलीत नोकरीला लागलो, तेव्हा आमचे कार्यालय निजामकाळातील एका दगडी इमारतीत होते. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही लाही होत असताना आत पंख्याशिवाय बसता येई. पुढे भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला आणि दोन-तीन पावसाळ्यांतच ओल चढून पोपडे सुटू लागले. 'इमारत जुनी झाली' असा शेरा फाइलीवर पडला. इमारत जुनी होतीच. बिघडली मात्र नव्या गिलाव्याने!

हे कोडे मला उलगडले ते हैदराबादेत. हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. फौज निजामाच्या नावाची, खर्चही त्याचाच. हुकूम मात्र इंग्रज रेसिडेंटचा. या फौजेची देणी थकली म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. हिंगोलीच्या छावणीवर जिथून हुकमत चाले, ती वास्तू म्हणजे कोठी भागातील रेसिडेन्सी.

जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती उभारली. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी तिच्यावर चाल केली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, तेथे उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय आले. जिथून एका संस्थानावर नजर ठेवली जाई, तिथे मुली शिकू लागल्या. पण देखभालीअभावी वास्तू खचत गेली. २००२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. मग दुरुस्ती सुरू झाली आणि सुमारे दोन दशकांनी, २०२३ मध्ये, ती लोकांना पाहण्यासाठी खुली झाली.

ती पाहायला गेलो, तेव्हा चुन्याचे काम जाणणाऱ्या एका वयस्क गवंड्याशी गाठ पडली. मी आमच्या भिंतीची कहाणी सांगितली. तो हसला. म्हणाला, चुना श्वास घेतो. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून उडून जाते. सिमेंट ती आत कोंडते आणि भिंत आतून पोखरते. घाणीत मळलेला चुना, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा, ही आपल्याकडचीच रीत. आपण ती विसरलो, एवढेच.

जुनी इमारत राखायची म्हणजे कुलूप लावून पूजायची नव्हे. तिला नवी वीजजोडणी हवी, स्वच्छतागृह हवे, म्हाताऱ्या माणसासाठी उतरता रस्ता हवा. मात्र हे सारे भिंत न फोडता, चुन्याशी वैर न धरता व्हावे.

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. जिल्हा म्हटला की नव्या कचेऱ्या लागतातच, त्याविषयी तक्रार नाही. पण जुन्या वास्तू ओस पडल्या की लवकर मरतात. तिथे वाचनालय चालावे, जुनी उर्दू आणि मोडी कागदपत्रे नीट ठेवली जावीत, शाळेच्या मुलांनी येऊन छावणीचा इतिहास ऐकावा. ज्या भिंतींसमोर आपले आजोबा अर्ज हातात घेऊन उन्हात उभे राहिले, त्या भिंतींच्या सावलीत नातवाने पुस्तक उघडावे, यापरते दुसरे स्मारक कोणते?

म्हणून निर्लेखनाच्या फाइलीवर सही करण्यापूर्वी साहेबांनी एकदा तो सिमेंटचा गिलावा खरवडून पाहावा. आत दगड बहुधा शाबूत असतो.