विखरण भूसंपादन प्रकरण आणि सौर प्रकल्पांना गावांचा विरोध

विखरण प्रकरण : धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात विखरण व मेथी या गावांच्या शिवारातील शेतजमीन वीजप्रकल्पासाठी घेण्यावरून उद्भवलेला वाद. विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले. २८ जानेवारीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तेव्हापासून विखरणचे नाव राज्यभर माहीत झाले. सौर प्रकल्पांना होणाऱ्या विरोधाचे उदाहरण म्हणून ते नेहमी दिले जाते, पण ते जपूनच वापरावे. विखरणचा मूळ वाद मोबदल्याचा होता. पुढे गायरानांवरून ठिकठिकाणी उठलेले वाद वेगळ्या जातीचे आहेत.

विखरण हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे, दोंडाईचाजवळचे गाव. दोंडाईचाची बाजारपेठ मिरचीसाठी नावाजलेली, मात्र हा पट्टा कमी पावसाचा आहे. जिरायत आणि बागायत यांत इथे बहुधा एका विहिरीचेच अंतर असते. पाणी लागले की ठिबक येते, फळझाडे लागतात आणि त्याच मातीची किंमत कितीतरी पटींनी वाढते. सातबाऱ्यावर मात्र हा बदल वेळेवर चढतोच असे नाही.

या भागातील जमिनींचा विचार आधी झाला तो कोळशाच्या विजेसाठी. महानिर्मितीने दोंडाईचा येथे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे ३,३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र योजले होते. ते झाले नाही आणि जमीन सौर प्रकल्पाकडे वळवण्यात आली. प्रकल्प बदलला, इंधन बदलले, संपादनाची टांगती तलवार मात्र तीच राहिली. अशा जागी शेतकरी नवी बाग लावायला धजत नाही, बँक हात आखडता घेते आणि दलालांचा सुळसुळाट होतो. वरचा मोबदला उचलण्यासाठी कुणी स्वस्तात जमिनी घेतल्या, ही कुजबुज विखरणमध्येही झाली.

पाटील यांची सुमारे पाच एकर जमीन गेली आणि तिच्यापोटी त्यांना चार लाखांच्या आसपास रक्कम मिळाली. जमिनीत विहीर होती, ठिबक होते, आंब्याची झाडे होती. ती हिशेबात धरलीच नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. शेजारच्या त्याहून कमी जमिनीला १ कोटी ८९ लाख रुपये मिळाल्याचे कुटुंब सांगत असे. हीच तुलना घेऊन ते तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत आणि शेवटी मुंबईपर्यंत हेलपाटे घालत राहिले.

एका बांधाला लागून असलेल्या दोन शेतांत इतकी तफावत कशी पडते, हे समजण्यासाठी मूल्यांकनाची रीत पाहावी लागते. भूमी अभिलेख खाते, महसूल खाते आणि प्रकल्पाची यंत्रणा मिळून संयुक्त मोजणी करतात. जमिनीचा दर रेडीरेकनर आणि आसपासच्या गेल्या तीन वर्षांतील खरेदीखतांवरून काढला जातो. त्याला ग्रामीण भागासाठीचा गुणांक लागतो. झाडे, विहिरी, जलवाहिन्या आणि बांधकामे यांचे मोल संबंधित खात्यांचे अधिकारी स्वतंत्रपणे ठरवतात, आणि या सगळ्या बेरजेवर २०१३च्या भूसंपादन कायद्यानुसार तेवढीच, म्हणजे शंभर टक्के, दिलासा रक्कम मिळते. याचा परिणाम असा की पंचनाम्यात एक झाड चढले तर त्याची किंमत दुपटीने हाती येते आणि विहीर राहून गेली तर दुपटीने बुडते. मोजणीच्या दिवशी शेतकरी बांधावर हजर होता का, सही करण्यापूर्वी त्याला यादी वाचून दाखवली का, झाडे मोजली की अंदाजाने लिहिली, अशा वरवर किरकोळ गोष्टींवर लाखांचा फरक पडतो. विखरणच्या प्रकरणाचा गाभा प्रस्तुत लेखकाच्या मते इथे आहे. सौर पटलांशी त्याचा संबंध फार थोडा.

पाटील अत्यवस्थ असताना सरकारने देऊ केलेले १५ लाखांचे सानुग्रह अनुदान कुटुंबाने नाकारले. दान नको, जमिनीचा हक्काचा दाम द्या, असे त्यांचे म्हणणे होते. मृत्यूनंतरही लेखी आश्वासन मिळेपर्यंत पार्थिव ताब्यात घेण्यास त्यांनी नकार दिला. फेरमूल्यांकनानंतर त्याच वर्षी सुमारे ५४ लाखांचा वाढीव मोबदला जाहीर झाला. चार लाख आणि ५४ लाख या दोन आकड्यांमध्ये जमीन तीच होती. फेब्रुवारी २०१८मध्ये मंत्रालयाच्या इमारतीतून एका माणसाने उडी घेतल्यावर आतल्या मोकळ्या चौकात पहिल्या मजल्याच्या पातळीवर जाळी बसवण्यात आली. तक्रारी वेळेत निकाली काढण्यापेक्षा जाळी बांधणे सोपे पडले, ही टीका तेव्हा सर्वत्र झाली आणि ती रास्तच होती.

कायद्याची बाजू. सौर प्रकल्पांना पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेतून वगळलेले आहे. त्यामुळे कोळशाच्या केंद्राला जी जनसुनावणी चुकत नाही, ती शेकडो एकरांच्या सौर उद्यानाला लागत नाही. २०१३च्या कायद्यात खासगी कंपनीसाठी संपादन करताना ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक आहे. सरकार स्वतःसाठी जमीन घेते तेव्हा ही अट नाही. कंपनीने परस्पर खरेदी केली किंवा भाडेपट्टा केला तर तो व्यवहार बहुतेक वेळा संपादनाच्या कक्षेतच येत नाही. एका मेगावॅटला ढोबळमानाने चार ते पाच एकर जमीन लागते, म्हणजे मध्यम आकाराच्या प्रकल्पातही अख्खे शिवार जाऊ शकते. प्रदूषण नाही म्हणून सुनावणी नाही, हा तर्क धुराला धरून केलेला आहे. जमिनीचा विचार त्यात नाही.

शेतकऱ्यांना सौर वीज नको आहे, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. रात्रीच्या पाळीत पाणी द्यायला जाणाऱ्याला साप आणि बिबट्या यांची भीती असते, आणि दिवसा वीज ही महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. २०२२च्या फेब्रुवारीत राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कोल्हापुरात महावितरणच्या दारात यासाठीच धरणे धरले होते. २०१७मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना हेच उत्तर घेऊन आली : उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारायचे आणि कृषिवाहिन्यांना दिवसा वीज द्यायची. २०२३मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ ठरली. मालकी शेतकऱ्याकडेच राहत असल्याने विखरणसारखा तंटा इथे सहसा होत नाही.

तंटा सरकला तो गायरानांवर. योजनेसाठी सरकारी जमीन देणे प्रशासनाला सोपे, कारण सातबाऱ्यावर नाव सरकारचे असते. प्रत्यक्षात त्या जमिनीवर गावाची गुरे चरतात, मेंढपाळांचे कळप उतरतात आणि भूमिहीन दलित व भटक्या-विमुक्त कुटुंबांनी दोन-दोन पिढ्या ती कसलेली असते. अनेक ग्रामसभांनी गायरान न देण्याचे ठराव केले, काही ठिकाणी बंदोबस्तात कामे सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले होते. तो निकाल गरिबांना उठवताना पुढे केला जातो. सामाईक जमीन गावासाठी राखावी हे त्याचे सूत्र होते, ते सौर प्रकल्पाला जागा देताना फारसे आठवले जात नाही. गावात दोन तट पडतात तेही इथेच : ज्याच्या विहिरीवर मोटार आहे त्याला दिवसाची वीज हवी असते आणि ज्याच्याकडे चार शेळ्यांखेरीज काही नाही त्याला चराई.

दिल्लीत शेतजमिनीवरच्या सौर प्रकल्पांना निराळे वळण मिळाले. नैर्ऋत्य दिल्लीत आज द्वारका उपनगर आहे तिथे पूर्वी पप्पनकलां परिसरातील गावांची शेते होती. दिल्ली विकास प्राधिकरणाने ती संपादून शहर वसवले. उरलेली शेती आता नजफगढच्या बाजूला सापडते. पाटील यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, जुलै २०१८मध्ये, दिल्ली सरकारने शेतकऱ्यांच्या उत्पन्नवाढीसाठी सौर योजना मंजूर केली : पटले सुमारे साडेतीन मीटर उंच खांबांवर बसवायची, खालून ट्रॅक्टर फिरला पाहिजे, आणि एकराला वर्षाला एक लाख रुपये भाडे. द्वारकेपासून जवळच उजवा येथील कृषी विज्ञान केंद्रात ११० किलोवॅटचा असा प्रकल्प असून पटलांखाली भाजीपाला घेतला जातो.  उंच सांगाड्याचा खर्च जास्त असल्याने मोठे विकासक या पद्धतीपासून दूर राहतात.

कर्नाटकात पावगड येथे १३ हजार एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान भाडेपट्ट्याने उभे राहिले. एकरी वार्षिक २१ हजारांपासून सुरू झालेले भाडे जमीनमालकांना मिळते. त्या शेतांवर राबणाऱ्या मजुरांचा कुठल्याच करारात उल्लेख नव्हता. इटलीने मे २०२४मध्ये शेतजमिनीवर सपाट बसवायच्या नव्या सौर प्रकल्पांवर बंधने आणली आणि उंच, पिकासह चालणाऱ्या प्रकल्पांना मोकळीक ठेवली.

२०१३च्या कायद्याखाली जमीन जात असेल आणि निवाडा मान्य नसेल, तर कलम ६४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून प्रकरण भूसंपादन प्राधिकरणाकडे पाठवण्याची मागणी करता येते. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यांना त्यासाठी सहा आठवड्यांची मुदत असते. संयुक्त मोजणीच्या पंचनाम्याची नक्कल त्याआधीच मागून घ्यावी आणि तिच्यातील झाडे व विहिरी स्वतः मोजून पाहाव्यात.