वसईचा दुभाषी

पैठणच्या नाथांची एक कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. गोदावरीचे स्नान करून येताना एक इसम त्यांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकला आणि नाथ न रागावता दरवेळी पुन्हा स्नानास गेले. हीच कथा आम्ही एकदा एका कारखान्याच्या दाराशीही ऐकली. चार महिन्यांचा पगार थकला होता. मालकाच्या बाजूचे एक गृहस्थ कामगारांना म्हणाले, "नाथांनी हसतमुखाने सोसले, तुम्हीही सोसा." आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढचे सारे पाळी सुटल्यावर ग्रंथालयात झाले. त्या दिवशी आम्हांस नीट उत्तर सुचले नाही. ते पुढे सापडले एका ख्रिस्ती संताच्या चरित्रात. म्हणून आज त्याची हकीकत सांगतो.

नाथांनी 1599 साली देह ठेवला. त्याच्या दोनच वर्षे आधी, 5 फेब्रुवारी 1597 रोजी, जपानातील नागासाकी येथे सव्वीस माणसांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. त्यांतील एक आपल्या कोकणातला होता. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया.

वसई 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली. तेथे 1556 च्या सुमारास गोन्सालो जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इकडचीच देशी बाई. पंधराएक वर्षांचा असताना तो जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि तेथली भाषा उत्तम शिकला. त्यांच्या संघात प्रवेश मिळावा ही त्याची फार इच्छा. ती काही पुरी झाली नाही. मग त्याने व्यापार केला, त्यात जम बसवला, आणि तो सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात शिरला. तेथेही तो पाद्री झाला नाही, साधा ब्रदरच राहिला.

1593 साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने पेद्रो बाप्तिस्ता या साधूस वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे पाठविले. बरोबर दुभाषी म्हणून गोन्सालो. दुभाष्याची जागा किती अवघड असते हे वाटाघाटींच्या टेबलाशी बसणाऱ्या आमच्यासारख्यांना ठाऊक आहे. शब्द दुसऱ्याचे आणि राग मात्र आपल्यावर! तरी बोलणी निभावली. क्योतोत मठ उभा राहिला आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये निघाली.

मग 1596 साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटले. आधी धर्मगुरू येतात, मागून फौजा, अशी बढाई त्यावरच्या एका खलाश्याने मारली, असे सांगतात. हिदेयोशी बिथरला. त्याची धास्ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. पोर्तुगीजांनी 1560 साली गोव्यात धर्मन्यायासन बसवून लोकांचा जो छळ मांडला, तो आपल्याला माहीत आहे. परंतु सत्तांच्या भांडणात शिक्षा झाली ती रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांना.

शिक्षा झालेल्या सव्वीसांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि सतरा साधी जपानी माणसे होती. त्यांत धनुष्यबाण करणारा एक होता, तलवारींना पाणी देणारा एक होता, आचारी होता, सुतार होता. आमचीच बिरादरी म्हणा ना! यादी मुळात चोविसांची होती. वाटेत दोघे वाढले. तो सुतार त्यांपैकी एक. मथियास नावाचा इसम शिपायांना सापडेना, तेव्हा त्याच नावाचा दुसरा पुढे झाला.

क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. नंतर ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटर त्यांना चालविण्यात आले. लोकांनी पाहावे आणि भ्यावे म्हणून. पण ते प्रार्थना करीत, गाणी म्हणत चालले. धनुष्य करणाऱ्या मिगेल कोझाकीचा मुलगा तोमास चौदा वर्षांचा. त्याने वाटेत मिहाराहून आईला पत्र लिहिले: काळजी करू नकोस, धाकट्यांना सांभाळ. बारा वर्षांच्या लुईस इबाराकीला अधिकाऱ्याने सोडून देऊ केले. अट एकच, धर्म सोडावा. पोराने ती मानली नाही. निशिझाका टेकडीवर त्यांना दोरांनी व लोखंडी कड्यांनी क्रुसांना बांधले आणि भाल्यांनी भोसकले. सर्वांत आधी गोन्सालो क्रुसाकडे गेला, असे परंपरा सांगते. तो तेव्हा चाळिशीचा होता.

आता त्या गृहस्थांना उत्तर. या माणसांना दुःखाची आवड नव्हती. तशी असती तर दुसऱ्यांचे दुःख हलके करण्यासाठी त्यांनी रुग्णालये काढलीच नसती. सुटकेचा मार्ग त्या बारा वर्षांच्या पोरापुढेही उघडा होता, आणि "नाही" म्हटल्याची किंमत म्हणून ते मरणाला सामोरे गेले. आनंद होता तो आपण हटलो नाही याचा आणि सोबती सुटले नाहीत याचा. नाथांनी जे सोसले तेही स्वतः पत्करलेले; कोणी त्यांची भाकरी अडवून वर शांतीचा उपदेश केला नव्हता. जो स्वतः सोसतो त्याने आनंदाची गोष्ट सांगावी. दुसऱ्याला सोसायला लावणाऱ्याच्या तोंडी ती शोभत नाही. संपाच्या दिवसांत, घरी चूल थंड असताना दाराशी बसून भजन म्हणणारे कामगार आम्ही पाहिले आहेत. ते काही उपासमारीवर खूष नव्हते.

1627 साली रोमने या सव्वीसांना धन्य म्हणून घोषित केले आणि 8 जून 1862 रोजी संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो हाच. वसईजवळ गास गावी त्याच्या नावाचे चर्च आहे, वसईत महाविद्यालय आहे. नागासाकीच्या टेकडीवर 1962 पासून सव्वीसांचे स्मारक उभे आहे. मराठी शाळेत मात्र आम्हांला त्याचे नाव कोणी सांगितले नाही. वसई म्हटली की आपल्याला 1739 चे चिमाजी अप्पा आठवतात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्याबरोबर हा दुभाषीही आठवावा, एवढीच विनंती.