उसळीला लगाम

गळिताच्या हंगामात माळशिरस तालुक्यात ऊस वाहणारी टायरगाडी एकदा नीट पाहावी. सांगाडा लोखंडी, चाकं रबरी, आणि आख थेट सांगाड्याला जखडलेला. मध्ये पाटा नाही, स्प्रिंग नाही. खड्डा आणि बैलाची मान यांच्यात मऊ असं काही असेल तर ती टायरातली हवा. त्याच रस्त्यानं शाळेला जाणाऱ्या पोराच्या सायकलीला मात्र चिमट्यात दोन शॉकअप आणि सीटखाली जाडजूड स्प्रिंगचा तिसरा. टनावारी ऊस ओढणाऱ्या गाडीला एकही नाही आणि चाळीस किलोच्या पोराला तीन! हा उलटा हिशेब कसा झाला, त्याची ही कुळकथा.

जुन्या बैलगाडीत तर हवाही नव्हती. लाकडी आरे, वर लोखंडी धाव, आणि बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत पोचणारा प्रत्येक दगड. दख्खनच्या खडकाळ वाटांवर ऐपतीचा माणूस म्हणूनच चाकांवर बसायला राजी नसे. तो पालखीत नाहीतर मेण्यात बसे. धक्का जिरवायचं काम भोयांचे गुडघे करत. हे शॉकअप खड्डा पाहून आधीच सावध होत, जे आजच्या महागड्या सायकलीलाही अजून धड साधलेलं नाही.

चाकाच्या वाहनाला सुख आलं ते पाट्यांनी. 1804 मध्ये लंडनच्या ओबडाया एलियट या गाडी बनवणाऱ्यानं पोलादी पट्ट्यांचे दोन कमानदार जुडगे समोरासमोर जोडून त्यावर बग्गी तोलली. पुढे तीच कल्पना टांग्यात आली, ट्रकमध्ये आली आणि 1948 मध्ये पुणे-नगर रस्त्यावर धावू लागलेल्या एसटीच्या बसमध्येही आली. एसटीत मागच्या सीटवर बसून पाट्यांना शिव्या घालणाऱ्यांनी त्यांचा एक गुण मात्र ध्यानात घ्यावा. पाट्याच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यातच उसळी मरते. म्हणजे पाटा धक्का झेलतोही आणि स्वतःला आवरतोही. गुंडाळीच्या स्प्रिंगला हे जमत नाही. ती दाबली की जेवढी दाबली जवळपास तेवढ्याच जोरानं परत उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. पुढच्या सगळ्या कथेचं मूळ या फरकात आहे.

सायकलीला स्प्रिंग फार लवकर आली होती. 1860च्या दशकातल्या लाकडी चाकांच्या सायकलीला इंग्लंडात लोक हाडं खिळखिळी करणारी म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. 1885 मध्ये लिनली आणि बिग्ज या इंग्रज कंपनीनं ‘व्हिपेट’ नावाची सायकल काढली. हँडल, सीट आणि पायडल यांचा एक वेगळा त्रिकोण करून तो चाकांच्या सांगाड्यावर स्प्रिंगनं तोलला होता. बनावट मोठी हुशार. पण तीनच वर्षांनी, 1888 मध्ये, बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्यानं मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या त्या रबरी नळीनं स्प्रिंगच्या सायकलींचा बाजारच उठवला. हवा हलकी, स्वस्त, आणि पंक्चर काढता आलं की झालं. पुढची जवळजवळ शंभर वर्षं सायकलीचा शॉकअप म्हणजे टायर, आणि फार तर चामडी सीटखालच्या दोन स्प्रिंगा. आपल्या दुधाच्या किटल्या, गवताचे भारे आणि डबल सीट या सगळ्यांचं ओझं त्याच हवेनं वाहिलं. ऊसगाडीचा शहाणपणाही डनलॉपचाच म्हणायचा.

खरी गंमत मात्र शॉकअपच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची, म्हणजे स्प्रिंगला आवरणाऱ्या अंगाची आहे. आपण तो मोटारीकडून सायकलीकडे आला असं समजतो. घडलं उलटं. 1898च्या सुमारास ट्रूफो नावाच्या फ्रेंच माणसानं शर्यतीच्या सायकलीच्या पुढच्या चिमट्याला स्प्रिंग लावली, आणि चाक नाचू नये म्हणून एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या बसवल्या. पाट्याच्या अंगी जे आपसूक होतं, ते त्यानं स्प्रिंगला वरून दिलं. अमेरिकेच्या एडवर्ड हार्टफर्डनं ही युक्ती उचलून मोटारींना लावली आणि ट्रूफो-हार्टफर्ड या जोडनावानं ती विकली. सायकलवाले विसरून गेले.

मोटारींनी ती वाढवली. घासणाऱ्या चकतीत एक खोट होती: चाक हळू हलो की जोरात, तिचा विरोध साधारण तेवढाच. फ्रान्सच्या मोरिस उदाईनं 1908च्या सुमारास तेल वापरलं. बारीक भोकातून तेल ढकलायचं म्हटलं की हळू ढकलताना ते वाट देतं आणि झटका दिला की अडून बसतं. रस्त्याला नेमकं हेच हवं असतं. 1935 मध्ये बीएमडब्ल्यूनं मोटरसायकलच्या पुढच्या नळ्यांत स्प्रिंग आणि तेल एकत्र घातलं. 1955 पासून मद्रासला जुळू लागलेल्या बुलेटच्या पुढच्या नळ्या याच कुळातल्या.

सायकलीला हे तेल मिळायला 1989 उजाडलं. कॅलिफोर्नियात सत्तरच्या दशकात काही हौशी पोरं जाड टायरच्या जुन्या सायकली टमालपाय डोंगरावरून खाली फेकल्यासारख्या पळवायची. त्यातून माउंटन बाइक जन्मली, पण तिचा चिमटाही ताठच होता. मोटोक्रॉसच्या गाड्यांवर काम केलेल्या पॉल टर्नरनं स्टीव्ह सायमन्सबरोबर रॉकशॉक्स कंपनी काढली आणि आरएस-1 हा चिमटा आणला: आत हवा आणि तेल, दबण्याची जागा जेमतेम दोन इंच. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोत ड्युरँगोला झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डनं रॉकशॉक्सवर जिंकली. मग ताठ चिमट्याला शर्यतीत कोण विचारतो?

आता आपल्या पोराच्या सायकलीकडे येऊ. तालुक्याच्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त गिअरवाल्या सायकलींच्या चिमट्यात स्प्रिंग असते, नाहीतर रबराचा तुकडा, तेल नसतं. म्हणजे दिसायला 1989, आतून ट्रूफोच्याही आधीचा काळ. वरचं बटन फिरवून फक्त स्प्रिंगचा आधीचा ताण वाढतो. उसळी आवरत नाही. मागच्या शॉकअपचं तर विचारूच नका. चढावर उभं राहून पायडल मारलं की बराच जोर स्प्रिंग खाते. नातेपुत्याहून शिखर शिंगणापूरच्या वाटेला लागावं, म्हणजे पटेल.

ज्यांच्याकडे हवा-तेलाचा खरा चिमटा आहे, त्यांच्यासाठी शॉकअप जुळवण्याचा क्रम असा. आधी टायरची हवा बघा. दगडासारखा फुगवलेला टायर असेल तर शॉकअप लावण्यात अर्थ नाही. मग नेहमीच्या कपड्यांत, पाठपिशवीसकट, सायकलीवर बसा. नुसत्या वजनानं चिमटा एकूण जागेच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतका दबला पाहिजे: 100 मिलिमीटरचा असेल तर 20 ते 25. नळीवरचं बारीक रबरी कडं खाली सरकवून बसलं की उतरल्यावर माप कळतं. जास्त दबला तर शॉकअपच्या पंपानं हवा वाढवा, कमी दबला तर सोडा. शेवटी तळाचं, बहुधा लाल, बटन. ते परतीचा वेग ठरवतं. ओट्याच्या पायरीवरून बसल्या बसल्या सायकल उतरवा; चिमटा दबून वर आला आणि एकदाच हलून थांबला तर जमलं. पुन्हा पुन्हा नाचला तर बटन आवळा. वर यायला आळस करू लागला तर सैल करा, नाहीतर लागोपाठच्या खड्ड्यांत तो दबलेलाच राहील. एका वेळी एकच गोष्ट बदला.

माझं मत विचाराल तर शाळेच्या पोराला ताठ चिमटा आणि जाड टायर पुरे. वजन कमी आणि बिघडायला काही नाही. शॉकअप घ्यायचाच असला, तर रंग आणि स्टिकर बघण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा: आत तेल आहे का?