करवीर नगरीतील मुक्काम

मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह केला, तेव्हा गेल्या हिवाळ्यात सौभाग्यवतीसह केलेल्या कोल्हापूरच्या प्रवासाविषयी लिहावे असे मनाने घेतले. प्रस्तुत लेखक मांजरीसारख्या गावी आयुष्यभर मुलांना बाराखडी शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहे. इतिहासाचा पंडित नव्हे. तथापि परगावी गेलेल्या माणसाने रात्री पाठ कोठे टेकावी, या साध्या प्रश्नातून कोल्हापूरच्या राजाने केवढा इतिहास घडविला, हे आपल्या समाजातील तरुणांना ठाऊक असावे, एवढ्याचसाठी हा अल्पसा प्रयत्न.

कोल्हापूर ही खरोखरीची राजनगरी होय. अंबाबाईचे प्राचीन देवालय, भवानी मंडप, रंकाळा तलाव, 1884 च्या सुमारास पुरा झालेला नवा राजवाडा व तेथील वस्तुसंग्रहालय, खासबागेतील कुस्त्यांचे मैदान, हे सर्व दोन दिवसांत स्वस्थपणे पाहून होते. स्वारगेटहून एस.टी. मिळते आणि पुणे स्टेशनवरून आगगाडीही आहे. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाने नवरात्राचे दिवस व चैत्रातील जोतिबाची यात्रा टाळून जावे. त्या दिवसांत जागा मिळत नाही आणि मिळालीच तर परवडत नाही. एरव्ही देवळाच्या परिसरातील भक्तनिवासांत व एस.टी. स्टँडनजीकच्या साध्या लॉजमध्ये माफक दरात खोली मिळते. आधार कार्ड जवळ ठेवावे, आणि सामान उतरविण्यापूर्वी खोली डोळ्यांनी पाहून दर पक्का करावा. आम्हां उभयतांचा मुक्काम अशाच एका साध्या खोलीत सुखाने झाला.

पहिल्या खेपेस मात्र असे सुख वाट्यास आले नव्हते. 1979 साली नोकरीच्या मुलाखतीसाठी मी वडिलांबरोबर कोल्हापुरास गेलो होतो. उतरता उतरता रात्र झाली. लॉजचे भाडे देण्याची ऐपत नव्हती. एका धर्मशाळेच्या दारात वळकटी उतरविली, तो तेथील राखणदाराने आधी नाव, मग आडनाव आणि शेवटी जात विचारली व "ही जागा तुमच्यासाठी नाही" असे सांगून दार लावून घेतले. वडील एक शब्दही बोलले नाहीत. वळकटी पुन्हा खांद्यावर घेऊन आम्ही चालू लागलो. दसरा चौकाच्या बाजूस एका विद्यार्थी-वसतिगृहात दिवा दिसला. ते आपल्या समाजाचे नव्हते. तरीही तेथील वृद्ध व्यवस्थापकांनी काही न विचारता व्हरांड्यात सतरंजी टाकून दिली आणि सकाळी मुलांच्या पंगतीस आम्हांलाही बसविले. त्या रात्रीची दोन दारे मी अद्याप विसरलेलो नाही.

ही वसतिगृहे कोणी व का उभारली, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले. राजर्षी शाहू महाराजांनी 1894 साली राज्यकारभार हाती घेतला. खेड्यातील हुशार मुलगा शिकावयाचा तर त्यास शहरात यावे लागे. आणि शहरात आल्यावर राहावयाचे कोठे व जेवावयाचे कोठे, हा पहिला प्रश्न उभा राही. ब्राह्मण विद्यार्थ्यास निदान वार लावून जेवण्याची व माधुकरीची सोय होती. कुणब्याच्या, शिंप्याच्या, मुसलमानाच्या वा अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलास असा आधार नव्हता. फी माफ केली तरी उपाशी पोटी अभ्यास होत नाही, हे महाराजांनी ओळखले.

सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढण्याचा प्रयत्न महाराजांनी आधी करून पाहिला होता. परंतु त्या काळी पंक्तिभेद इतका कडक होता की तेथे मागासलेल्या जातींच्या मुलांचा निभाव लागेना. तेव्हा ज्या त्या समाजातील जाणत्या माणसांस हाताशी धरून निरनिराळी वसतिगृहे काढावी, हा मार्ग त्यांनी पत्करला. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले व त्याच वर्षी जैन बोर्डिंगही सुरू झाले. 1906 साली मुस्लिम बोर्डिंग, 1907 साली लिंगायत वसतिगृह आणि 1908 साली अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. पुढे शिंपी, दैवज्ञ, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. जागा, इमारती व अनुदाने दरबाराने दिली; चालविण्याची जबाबदारी समाजांनी उचलली. विद्यार्थी-वसतिगृहांची जननी हे बिरुद कोल्हापुरास लाभले, ते यामुळे. 1902 सालचा राखीव जागांचा हुकूम आणि 1917 सालचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा यांच्या जोडीला या वसतिगृहांची गणना केली पाहिजे.

येथेच थांबलो तर अर्धाच इतिहास सांगितल्यासारखे होईल. 1908 सालीच मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जैन बोर्डिंगमधील कुंभोजचा एक विद्यार्थी हजर राहिला. परत आल्यावर त्यास स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला आणि त्यास वसतिगृह सोडावे लागले. महाराजांनी त्याची सोय राजवाड्यावर केली. हा विद्यार्थी म्हणजेच पुढे कर्मवीर म्हणून महाराष्ट्रास वंद्य झालेले भाऊराव पाटील. त्यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली व 1924 साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले, की जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. 1927 साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. शाहू महाराजांनी जातवार दारे उघडली. भाऊरावांनी त्या दारांमधील भिंतीच काढून टाकल्या. दुसरे काम पहिल्याच्या विरोधी नव्हे, तर त्याचीच पुढची पायरी होय.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. आपली मांजरी एकेकाळी मळ्यांची. 2021 साली मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेत आली. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आज बीड, लातूर, यवतमाळकडची मुले हातात पिशवी घेऊन आपल्या आळीत खोली शोधत फिरतात, आणि एकेका खोलीत चार-चार खाटा टाकून राहतात. माझ्या ओट्यावरही अशी दोन मुले विचारावयास आली होती. त्यांपैकी एकाने आपणहूनच आधी जात सांगितली. कोठेतरी दार लागल्याचा अनुभव त्याच्या गाठीस असावा, हे मी तत्काळ ओळखले व मान खाली घातली.

मंडळाच्या नियोजित विद्यार्थी-वसतिगृहाच्या नियमांच्या मसुद्यात "केवळ समाजातील विद्यार्थ्यांसाठी" असे शब्द आहेत. आपल्या लेकरांची सोय प्रथम व्हावी, यात गैर काही नाही. वर्गणी देणाऱ्या कुटुंबांचा तो हक्कच आहे. परंतु "केवळ" या एका शब्दाऐवजी "प्रथम" हा शब्द घालावा, आणि काही खाटा इतर समाजांतील गरजू मुलांकरिता राखून ठेवाव्यात, अशी माझी सर्व सभासदांस नम्र सूचना आहे. पुढील वार्षिक सभेत मी ती रीतसर मांडणारच आहे. त्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति देणगी देण्याचेही मी ठरविले आहे.

एका अनोळखी वसतिगृहाच्या व्हरांड्यात माझे वडील त्या रात्री शांत झोपले. ते ऋण त्या वसतिगृहास परत करता येण्यासारखे नाही. ते आपल्या दारी येणाऱ्या मुलासच द्यावयाचे असते. समाजबांधवांनी व भगिनींनी याचा विचार करावा, एवढी विनंती करून लेखणी खाली ठेवतो.