प्लेगची वक्ररेषा आणि भीतीचे गणित

१९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांचा साथींच्या गणिती उपपत्तीविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. साथरोगशास्त्राच्या वर्गांत त्याचा दाखला आजही दिला जातो. त्यातील एक आकृती मुंबईची आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्यास प्लेगने किती माणसे मेली त्याचे ठिपके, आणि त्या ठिपक्यांजवळून जाणारी घंटेच्या आकाराची नितळ वक्ररेषा. सूत्रातील ८९० हा आकडा म्हणजे त्या रेषेचा माथा. सूत्राप्रमाणे सतराव्या आठवड्यात, म्हणजे १९०६च्या एप्रिलच्या मध्यास, मृत्यू तेथवर चढतात आणि जसे चढले तसेच उतरतात.

मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले. रोनाल्ड रॉस यांच्या सहवासात त्यांना गणिताची गोडी लागली आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली एडिंबरोच्या प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेली. म्हणजे जिच्यामुळे मुंबईचा प्लेग जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पोहोचला, ती आकृती तिच्या एका कर्त्याला दिसण्यासारखी नव्हती.

प्रतिमानाची मांडणी विलक्षण साधी आहे. लोकसंख्येचे तीन भाग करावयाचे: ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि बरे होऊन किंवा मरून हिशेबातून वजा झालेले. पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याचा वेग दोन्ही गटांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. या साधेपणातून निघालेला निष्कर्ष मात्र तितका साधा नाही. गावातील सर्व माणसांना रोग झाल्याने साथ संपते, असे नव्हे. रोग होऊ शकणाऱ्यांची दाटी एका मर्यादेखाली उतरली की साथ आपोआप विझते आणि पुष्कळ माणसे अस्पर्शित राहतात. साथ ओसरण्याचे श्रेय देवाला, सरकारला किंवा औषधाला देण्याची घाई करणाऱ्यांना हा निष्कर्ष तेव्हाही अडचणीचा होता.

परंतु मुंबईचा प्लेग माणसाकडून माणसाकडे जात नव्हता. तो उंदरांचा रोग होता आणि पिसवांमार्फत माणसांत येत होता. पॉल-लुई सिमों यांनी हे १८९८ सालीच मांडले होते. लेखकद्वयालाही त्याची जाणीव होती. आपले स्थिरांक फार काटेकोर मानू नयेत असे त्यांनी नमूद केले आहे. पुढच्या पिढ्यांनी आकृती उचलली आणि नमूद केलेले मागे ठेवले. मुंबईत प्लेग हिवाळ्यात वाढे व पावसाळ्याच्या तोंडाशी ओसरे, हे ऋतुचक्र त्या सूत्रात नाही. नाही तशीच आणखी एक गोष्ट: तेथील माणसे हलत नाहीत, घाबरत नाहीत, पळत नाहीत.

आणि मुंबई तर पळाली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत, फेब्रुवारी १८९७ पर्यंत, सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या शहरातून जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली. सरकारी कागदपत्रांतून याला घबराट म्हटले गेले. आम्हांला हा शब्द मान्य नाही. उंदीर मरू लागले की घर सोडून उघड्यावर झोपडी बांधावी, हे खेड्यापाड्यांतील लोकांना अनुभवाने कळले होते, आणि पिसवांचे शास्त्र पुढे त्यांच्याच बाजूने उभे राहिले. त्या वेळी अधिकृत शहाणपण मात्र घरे धुण्यात, माणसे उचलून नेण्यात आणि स्थानकांवर प्रवाशांच्या काखा-जांघा तपासण्यात गुंतले होते. जाणाऱ्यांबरोबर रोगही गेला, हे खरेच. पण म्हणून जाणे अडाणीपणाचे ठरत नाही.

अफवांचे तसेच. इस्पितळात माणसे मारून त्यांच्या देहातून मोमियाई काढतात, अशी आवई मुंबईत होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आवई खोटी होती. परंतु इस्पितळात नेलेली बहुसंख्य माणसे परत येत नाहीत, हे तिच्यामागचे निरीक्षण खोटे नव्हते. साहित्याच्या विद्यार्थ्याने अफवेकडे असेच पाहावे असे आम्हांला वाटते: तिने सांगितलेली हकीकत निराळी आणि ती ज्या अनुभवावर उभी आहे तो निराळा.

वृत्तपत्रांचा प्रश्न पुण्यात अधिक टोकदार झाला. रँड यांच्या प्लेग कमिटीचे सोजीर घरोघर शिरू लागले तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये सैनिकांकडून स्त्रियांवर बलात्कार झाल्याचा आरोप प्रसिद्ध केला. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. वातावरण तापलेले होते. गोखले परतले, पुरावा मागितला गेला, ज्यांनी लिहिले होते ते पुढे येईनात, आणि गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. सप्टेंबरात ‘केसरी’तील लिखाणावरून टिळकांना राजद्रोहाची अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सिद्ध न झालेली ती बातमी खोटी होती काय? सोजिरांच्या भीतीने न बोललेला साक्षीदार आणि मुळात नसलेला साक्षीदार, हे दोघेही कागदावर सारखेच दिसतात.

गणितज्ञांनी अफवेलाही हात घातला. १९६४ मध्ये डेली आणि केंडॉल यांनी दाखवले की अफवा साथीसारखी पसरते, पण साथीसारखी मरत नाही: सांगायला जावे तर समोरच्याला ती आधीच ठाऊक असते, मग सांगणाऱ्याचाच रस संपतो. त्यांच्या हिशेबात सुमारे एकपंचमांश लोकांच्या कानी ती अखेरपर्यंत पडत नाही. चावडीवर बसलेल्या कोणासही हे पटावे.

भीती आणि रोग यांची एकत्र मांडणी २००८ साली जोशुआ एपस्टाइन व सहकाऱ्यांनी केली. त्यांच्या प्रतिमानात भीतीही संसर्गजन्य आहे. घाबरलेली माणसे दडून बसतात म्हणून साथ मंदावते. मग भीती विरते, माणसे बाहेर येतात आणि दुसरी लाट उठते. थोड्या माणसांचे पळणेही चित्र बदलते. या निबंधात दाखला आहे तो सुरतेचा. सप्टेंबर १९९४ मध्ये फुप्फुसी प्लेगच्या बातमीने काही लाख माणसांनी सुरत सोडली, कित्येक खासगी डॉक्टरांनीही. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या, परदेशी विमाने थांबली. मृत्यू पन्नासच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांवर एकाही रुग्णाची निश्चिती झाली नाही, म्हणून सुरत हे नाव भीतीचा नमुना ठरले. परंतु २००० साली हैदराबादच्या संशोधकांनी जनुकीय तपासणीतून तो जंतू प्लेगचाच असल्याचे दाखवले. प्रतिमानातील उदाहरण मात्र तसेच राहिले.

मार्च २०२० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या अहवालातील आकडे, काहीच उपाय न केल्यास ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत २२ लाख मृत्यू, जगभर छापले गेले. ‘काहीच उपाय न केल्यास’ हे शब्द मथळ्यांत फारसे टिकले नाहीत. त्याच महिन्यात आपल्याकडे १८९७चा साथरोग कायदा पुन्हा लागू झाला. मूळचा चार कलमांचा तो कायदा २२ एप्रिलच्या अध्यादेशाने वाढवण्यात आला: आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास शिक्षा. मुंबईतील पहिले कोरोना रुग्ण ठेवले होते ते कस्तुरबा रुग्णालयात. आर्थर रोडचे १८९६चे इस्पितळ ते हेच.