पैनगंगेच्या अलीकडे : १९४८ सालच्या मनुष्यहानीची नोंद

इतिहास म्हटला की आपण देवगिरीच्या यादवांकडे वळतो. परंतु ज्या काळाची झळ आपल्याच उंबरठ्यापर्यंत आली, तो काळ इतका दूरचा नाही. १९४८ साली कळमनुरी तालुका परभणी जिल्ह्यात होता (हिंगोली जिल्हा १९९९ चा) आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पैनगंगेपलीकडचे उमरखेड, पुसद मात्र वऱ्हाडात, म्हणजे स्वतंत्र भारतात. नदी ओलांडली की राज्य बदलत असे! म्हणूनच अनेक कुटुंबे गुरेढोरे सोडून पलीकडे गेली आणि उमरखेडला स्टेट काँग्रेसचे सरहद्द केंद्र उभे राहिले.

रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या माणसांनी गावोगाव पैसा उकळला. जेथे विरोध झाला तेथे लुटालूट, जाळपोळ व खून झाले. त्याआधीच, २९ ऑक्टोबर १९४६ रोजी, बिलोलीजवळ अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली होती. आपल्या शेजारच्या वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे याच लढ्यात हुतात्मा झाले. वसमतचे महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. दरवर्षी आपण झेंडावंदन करतो ते याच दिवसाचे. आपले सांगणे सहसा येथे थांबते. कागदपत्रे मात्र थांबत नाहीत.

त्याच वर्षाच्या अखेरीस भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती संस्थानात पाठविली. काझी अब्दुल गफार हे तिचे एक सभासद. समितीने नऊ जिल्हे फिरून शेकडो लोकांच्या जबान्या घेतल्या. रझाकारांचे अत्याचार तिने नोंदविलेच. परंतु कारवाईच्या काळात व नंतर मुसलमान वस्तीवर जो सूड उगवला गेला, त्यात २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत असा अंदाजही दिला. सर्वाधिक हानीचे जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपला शेजारी नांदेड यांची नावे आहेत. काही ठिकाणी लष्कराच्या व पोलिसांच्या माणसांनीही लुटीस हातभार लावला, असे समितीचे म्हणणे. हे आकडे अंदाजाचे आहेत, त्यांवर वाद आहेत. पण मोठी प्राणहानी झाली हे नाकारता येत नाही. मेले त्यांत कित्येकांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता.

हा अहवाल सरकारने त्यावेळी छापला नाही. कित्येक दशके तो दप्तरात पडून होता. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो सर्वसामान्यांना पाहावयास मिळू लागला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो दाबण्यात शहाणपण नव्हते. रझाकारांच्या हातून मेलेल्यांपैकी काहींची नावे तरी हुतात्मा स्तंभांवर आली. सूडात मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला केवळ आकडा आला.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबांना वाचविले; हिंदू विणकर आपल्या मुसलमान विणकर भावांच्या बाजूने उभे राहिले.