मोटारीचा रंग आणि ऊन

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात एक पिवळी रोल्स-रॉइस मोटार जतन करून ठेवलेली आहे. लंडनच्या बार्कर या कारखान्याने १९१२ साली निजामासाठी तिची वरची बांधणी केली. मालकाच्या आवडीनुसार खास रंग चढविलेली मोटार म्हणजे काय, हे तिच्याकडे पाहिले की समजते. पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच त्या पिवळ्या झळाळीवर खिळते. परंतु रंग उघड्यावर किती वर्षे टिकेल, याचा निर्णय झळाळीवरून होत नाही. तो तिच्याखालील थरांत होत असतो. मोटारीच्या रंगाचा शंभर वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

आरंभी मोटारीला घोडागाडीचाच रंग मिळे. अळशीचे तेल, रंगद्रव्य आणि रोगण यांचे हातावर हात द्यावयाचे, प्रत्येक हात वाळू द्यावयाचा, तो घासून गुळगुळीत करावयाचा आणि मग पुढचा हात द्यावयाचा, असे ते काम आठवडेच्या आठवडे चाले. तेल वाळते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते घट्ट होते. ही क्रिया रंग वाळल्यावरही थांबत नाही. उन्हात ती पुढे चालूच राहते आणि ज्या कारणाने रंग कठीण झाला, त्याच कारणाने तो पुढे ठिसूळ होऊन तडकतो. म्हणून धनिकांच्या गाड्या काही काळाने पुन्हा रंगवून घ्याव्या लागत.

अमेरिकेत हेन्री फोर्ड यांना इतका वेळ परवडणारा नव्हता. त्यांची मॉडेल टी ही मोटार १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगात मिळे. डांबराच्या जातीच्या खनिजापासून केलेले काळे रोगण भट्टीच्या उष्णतेने लवकर पक्के होई. रंगीबेरंगी मोटारीची हौस बाळगणाऱ्याला मात्र थांबणे भाग होते.

ही अडचण दूर झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. धूरविरहित दारूसाठी लागणारे नायट्रोसेल्युलोज करणारे मोठे कारखाने युद्ध संपताच रिकामे पडले होते. त्याच पदार्थापासून ड्यू पाँ कंपनीने ‘ड्यूको’ हे लॅकर तयार केले आणि जनरल मोटर्सच्या १९२४ च्या ओकलंड मोटारींवर ते निळ्या रंगात झळकले. आठवड्यांचे काम आता तासांवर आले. आपल्याकडील सुतार लाकडी कपाटाच्या गुळगुळीत रंगाला आजही ‘ड्यूको’ म्हणतात, तो शब्द या मोटारीच्या रंगाचाच वारसा होय. तथापि हे लॅकरही उन्हापुढे अजिंक्य नव्हते. सूर्यप्रकाशातील जंबुपार, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण त्याचे दुवे तोडीत. त्यामुळे ते पिवळे पडे, निस्तेज होई आणि त्यावर बारीक भेगा उमटत. एक सोय मात्र होती. रंगद्रव्याचे कण जाड थरात खोलवर पसरलेले असल्याने वरचा मेलेला पापुद्रा पॉलिशने घासून काढला की खालचा ताजा रंग वर येई.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील हौशी कारागिरांनी ही सोयदेखील सोडून दिली. जो बेलॉन यांसारख्या रंगाऱ्यांनी साखरेच्या पाकात घोळलेल्या सफरचंदासारखा तकतकीत लाल रंग लोकप्रिय केला. त्यासाठी खाली सोनेरी किंवा रुपेरी चमकीचा थर देत आणि त्यावर पारदर्शक रंगाचे अनेक हात फवारीत. प्रकाश रंगातून आत शिरतो, चमकीवर आपटतो आणि पुन्हा रंगातूनच बाहेर येतो. म्हणून त्या रंगाला खोली येते. पण जी वाट शोभेची, तीच वाट नाशाची. पारदर्शक थरात प्रकाशाला अडविणारे काहीच नसते. विरघळलेल्या रंजकाच्या प्रत्येक रेणूवर ऊन पडते आणि लाल रंग हळूहळू विटून खालची धातूची चमक तेवढी उरते. घासून तो परत आणता येत नाही, कारण घासण्याने रंगाचा थरच पातळ होतो. एका जागी ठिगळ द्यावे, तर प्रत्येक हातागणिक छटा बदलत असल्याने ते ठिगळ लपत नाही. अनेक दिवसांची मेहनत मग मुळापासून पुन्हा करावी लागते.

यावर पुढे जो उपाय सापडला, तो रंगावर बिनरंगी कवच चढविण्याचा. जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली पॉलियुरेथेनच्या रसायनाचा पाया घातला. त्या जातीच्या पहिल्या लेपांपैकी अनेक उन्हात पिवळे पडत. न पिवळणारे प्रकार नंतर सिद्ध झाले. जंबुपार किरण शोषणारी आणि तुटलेल्या दुव्यांची साखळी रोखणारी द्रव्ये त्या कवचात मिसळू लागल्यावर रंगाचे आयुष्य पुष्कळ वाढले. फ्लोरिडाच्या दमट उन्हात आणि ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात रंगविलेले पत्रे वर्षानुवर्षे ठेवून त्यांची परीक्षा घेतली जाते. परंतु ही रक्षक द्रव्येही झिजतात. ती संपली की कवच पांढुरके होते आणि त्याचे पोपडे सुटतात.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत याहून विलक्षण प्रकार घडला. काही मोटारींना खर्च वाचविण्यासाठी अस्तर आणि रंग यांमधला एक थर देण्याचेच टाळण्यात आले. वरचा रंग चांगला होता, कवचही चांगले होते. पण जंबुपार किरण त्यांतून झिरपून तळाच्या अस्तरापर्यंत पोहोचले. अस्तराचा पृष्ठभाग खडूच्या भुकटीसारखा झाला आणि निर्दोष दिसणारा रंग मोठमोठ्या पापुद्र्यांनी गळून पडला. ज्या थराकडे कोणी पाहत नाही, त्याच्या अभावी पाहण्यासारखे सर्व काही व्यर्थ गेले.

असाच एक न दिसणारा थर माणसांचाही आहे. उन्हाला दाद न देणाऱ्या या पॉलियुरेथेन रंगांत आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. ते फवारताना श्वासाबरोबर गेले, तर रंगाऱ्याला दमा जडू शकतो. आणि एकदा हे द्रव्य शरीराला बाधू लागले की त्याचा अल्पसा अंशही धाप लागण्यास पुरेसा होतो. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा आणि हवा खेचून घेणारी बंद खोली लागते. तोंडाला बांधलेला रुमाल तेथे निरुपयोगी ठरतो. मोटारीला खास रंग देऊ इच्छिणारा गृहस्थ छटा निवडतो, भाव ठरवितो आणि रंग किती वर्षे टिकेल हे विचारतो. खाली अस्तराचे किती हात दिले जातील आणि रंगारी कोणता मुखवटा घालून काम करील, हेही त्याने त्याच वेळी विचारावयास हवे.